सहा जूनचा रुपया: एका अर्थतज्ज्ञाशी सतरा महिने केलेला पत्रव्यवहार

मी तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात इतिहास शिकवते. ३० जून २०२५ला माझा आणि मुंबईतल्या एका निवृत्त अर्थतज्ज्ञांचा पत्रव्यवहार आम्ही ठरवून थांबवला. माझी १९ पत्रं, त्यांची १७. विषय एकच होता: ६ जून १९६६ला झालेलं रुपयाचं अवमूल्यन, म्हणजे डॉलरसारख्या परकी चलनातली रुपयाची किंमत सरकारने स्वतः उतरवणं. दुसऱ्या विषयाच्या माणसाशी इतका लांब वाद कसा चालवला, कागदपत्रं कुठून मिळवली, किती खर्च आला, असं बरेच जण विचारतात. सुरुवातीला मला सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून घडलं तसं लिहून ठेवते आहे.

सुरुवात पुण्यात झाली, २० जानेवारी २०२४ला, एका चर्चासत्रात. माझा निबंध होता सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या १९६५ ते ६७च्या टंचाईच्या आठवणींवर. रेशनवर मिळणारी अमेरिकेतली लाल मिलो ज्वारी, तिच्या भाकरीला नसलेली चव, सोमवारी संध्याकाळी चूल पेटवू नका हे शास्त्रीजींचं आवाहन, असं बरंच काही मी चार वर्षं फिरून जमवलं होतं. शेवटी एक वाक्य होतं: अवमूल्यनामुळे महागाई झाली आणि ती गरिबाच्या ताटापर्यंत पोचली.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. "बाई, अवमूल्यन झालं असतं, पण पाऊसही वेळेवर पडला असता, तर त्या ताटात काय असतं?"

मी म्हटलं, "जे झालंच नाही त्याबद्दल इतिहास बोलत नाही." सभागृहाला उत्तर आवडलं. मला मात्र परतीच्या एसटीत ते बोचत राहिलं, कारण प्रश्न टाळला हे माझं मलाच ठाऊक होतं. चहाच्या वेळी त्यांनी कार्यक्रमपत्रिकेच्या मागे पत्ता लिहून दिला होता. एका बँकेच्या संशोधन विभागात त्यांची नोकरी झालेली. ऐकू कमी येतं, फोनवर जमत नाही. "पत्र लिहा. मी उत्तर देतो," एवढंच म्हणाले.

पहिलं पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले. आधी चार पानी बचाव लिहिला आणि फाडला. मग सात पानी लिहिला, तोही फाडला. शेवटी १२ फेब्रुवारीला जे टाकलं ते एका पानाचं होतं. तीन ओळी माझ्याबद्दल, आणि एक प्रश्न: पाऊस आणि अवमूल्यन एकाच वर्षात आले असताना त्यांचे परिणाम वेगळे कसे काढता? अनोळखी अभ्यासकाला लिहिणार असाल तर पहिलं पत्र एका पानाच्या पुढे जाऊ देऊ नका. लांब पत्राला उत्तर द्यायचं माणूस पुढे ढकलतो.

उत्तर २ मार्चला आलं. वर "स. न. वि. वि.", खाली आलेखाच्या कागदावर पट्टीने आखलेले दोन रकाने. माझ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. निबंधातलं एक वाक्य त्यांनी पेन्सिलीने उतरवून घेतलं होतं: "रुपयाची किंमत ५७.५ टक्क्यांनी कमी झाली." खाली हिशेब. ५ जूनपर्यंत १०० रुपयांना २१ डॉलर मिळत, ६ जूनपासून १३.३३. म्हणजे रुपयाची डॉलरमधली किंमत ३६.५ टक्के उतरली. उलट बाजूने, ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला, म्हणजे डॉलर ५७.५ टक्के महागला. "दोन्ही आकडे खरे, वाक्य चूक. किंमत ५७.५ टक्क्यांनी उतरली असती तर १०० रुपयांना नऊ डॉलरही आले नसते."

कागद हातात धरून मी बराच वेळ बसून राहिले. हे वाक्य मी वर्गात नऊ वर्षं सांगत आले होते. दुसऱ्या दिवशी तृतीय वर्षाच्या मुलांना फळ्यावर दोन्ही हिशेब करून दाखवले आणि आधीचं चुकलं होतं हे सांगितलं. मुलांनी वह्यांत दुरुस्ती केली. भीती मला वाटली होती, त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

तिसऱ्या पत्रापासून आम्ही काही नियम ठरवले. माझ्या मते पत्रव्यवहार टिकला तो त्यांच्यामुळे. एका पत्रात एकच प्रश्न. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठल्या कागदातून घेतला ते लिहायचं. पत्र आल्यावर तीन दिवस लेखणी उचलायची नाही. आणि सगळ्यांत कठीण नियम असा की, समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत मांडायचं, त्याने "हो, हेच म्हणणं आहे" असं कळवल्यावरच त्यावर हरकत घ्यायची. शेवटच्या नियमापायी मार्च-एप्रिल गेले. त्यांचं म्हणणं मी तीनदा मांडलं, दोनदा त्यांनी परत पाठवलं. वैताग आला होता. पण तिसऱ्यांदा लिहिताना ते म्हणणं मला पहिल्यांदा नीट कळलं.

ते असं होतं. ४ रुपये ७६ पैशांचा भाव १९४९च्या सप्टेंबरात ठरला, ब्रिटनने पौंड उतरवला तेव्हा आपणही रुपया उतरवला म्हणून. पुढच्या सतरा वर्षांत भारतातल्या किमती बऱ्याच चढल्या, भाव मात्र तोच राहिला. आयात परवान्यांनी दाबून धरायची आणि निर्यातीला सवलती देऊन ढकलायचं, असा खटाटोप चालू होता. म्हणजे कागदावरचा भाव व्यवहारात बाजूला पडलेलाच होता. ६ जूनला भाव बदलला, पण त्याच दिवशी निर्यातीच्या सवलती काढल्या आणि चहा, ताग यांसारख्या मालावर निर्यात शुल्क बसवलं. त्यामुळे निर्यातदाराच्या हातात पडलेला खरा फरक ३६.५ टक्क्यांपेक्षा पुष्कळ कमी होता. जगदीश भगवती आणि टी. एन. श्रीनिवासन यांनी पुढे १९७५मध्ये हा हिशेब तपशिलाने मांडला. वर दुष्काळ. १९६४-६५मध्ये देशात ८ कोटी ९० लाख टन धान्य पिकलं, पुढच्या वर्षी ७ कोटी २० लाख, त्याच्या पुढच्या वर्षी ७ कोटी ४० लाख. "इतकं धान्य नाहीसं झाल्यावर भाव कशाने चढले हे विचारावं लागतं का?" असं त्यांचं म्हणणं.

माझं म्हणणं त्यांनी एका फटक्यात बरोबर मांडलं, याचा मला थोडा रागही आला. मी तारखांकडे बघत होते. १९६५च्या सप्टेंबरातलं युद्ध, त्यामुळे अडलेली परकी मदत, त्याआधीपासून जागतिक बँकेच्या बेल समितीने अवमूल्यनासाठी धरलेला आग्रह. अवमूल्यनाला विरोध असलेले अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी ३१ डिसेंबर १९६५ला राजीनामा देऊन गेले. ११ जानेवारीला ताश्कंदला शास्त्रीजी वारले. २४ जानेवारीला इंदिरा गांधींचा शपथविधी झाला आणि नव्या सरकारने पाच महिन्यांच्या आत, निवडणूक आठ महिन्यांवर असताना, रुपया उतरवला. अर्थमंत्री होते सचिंद्र चौधुरी. काँग्रेसचे अध्यक्ष कामराज या निर्णयावर उघड नाराज होते. मला विचारायचं होतं की हा निर्णय नेमका कोणाचा होता, आणि ज्यांच्यावर तो पडला त्यांना तो कसा कळला.

मे महिन्याच्या सुट्टीत मी कागद शोधायला लागले. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी: घराबाहेर पडण्याआधी घरी बसून मिळतं ते संपवा. रिझर्व्ह बँकेने स्वतःचा इतिहास खंडांमध्ये छापलाय. १९५१ ते १९६७चा दुसरा खंड बँकेच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो आणि त्यात अवमूल्यनाआधीच्या चर्चांवर भरपूर मजकूर आहे. लोकसभेतल्या जुन्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. जुने आर्थिक पाहणी अहवालही मिळतात. हे सगळं वाचायला मला पाच आठवडे लागले. त्यानंतरच पुण्याला रिझर्व्ह बँकेच्या अभिलेखागारात गेले. विद्यापीठ रस्त्यावर कृषी बँकिंग महाविद्यालयाच्या आवारात ते आहे. आधी ईमेलने अर्ज केला होता, त्यात विषय, कालखंड, आणि सोबत प्राचार्यांचं पत्र. "१९६६चं अवमूल्यन" एवढाच विषय लिहू नका. कोणत्या विभागाचा, कोणत्या दोन वर्षांतला पत्रव्यवहार हवा ते लिहा. मोघम अर्जाला मोघमच यादी येते.

तिथे तीन दिवस बसले. पिवळ्या पडलेल्या टंकलिखित टिपणांच्या कडेला शाईने केलेल्या बारीक खुणा बघताना मला एकदम जाणवलं की ही माणसंही पत्रांतल्या माझ्या अर्थतज्ज्ञ सरांसारखाच हिशेब करत होती, फक्त त्यांच्याकडे दुष्काळ संपला की नाही हे कळायला वेळ नव्हता. सातवं पत्र मी त्यावर लिहिलं. तुम्ही १९६७-६८चा ९ कोटी ५० लाख टनांचा आकडा हातात घेऊन १९६६चा निवाडा करता. ६ जूनला सही करणाऱ्याला पुढचा पावसाळाही कोरडा जाणार हे माहीत नव्हतं.

त्यावर त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. "मान्य. हे मी विसरलो होतो. यापुढे मी प्रत्येक आकड्यापुढे तो केव्हा कळला तेही लिहीन." आणि खरंच, त्या दिवसापासून त्यांच्या रकान्यांत एक नवा रकाना आला: आकडा कोणाला कधी कळला.

३ जून २०२४ला मी केंद्राच्या एका मंत्रालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज केला. ऑनलाइन, शुल्क १० रुपये. अर्जाचा मजकूर ३००० अक्षरांत बसवावा लागतो, मोठा असेल तर जोडपत्र लावायचं. पहिल्या मसुद्यात मी "अवमूल्यनाचा निर्णय का घेतला?" असं विचारलं होतं. आमच्या गावातल्या एका वकिलांनी ते खोडलं. का, कशासाठी, योग्य होतं का, असे प्रश्न या कायद्यात बसत नाहीत. अमुक काळातली अमुक विषयाची टिपणं आणि पत्रं यांच्या प्रती द्या, असंच मागायचं. शिवाय कलम ८(३) अर्जात लिहायला त्यांनी सांगितलं: वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनेची माहिती, काही ठरावीक अपवाद सोडले तर, नाकारता येत नाही.

तीस दिवस उलटून गेले. ८ जुलैला उत्तर आलं की अभिलेख उपलब्ध नाहीत. कारण नाही, कोणाकडे वर्ग केले तेही नाही. मी २२ जुलैला पहिलं अपील केलं. त्याला शुल्क नसतं, पण उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत करावं लागतं. अपिलात फक्त एवढंच म्हटलं की कागद नष्ट केले असतील तर नष्ट केल्याची नोंद द्या, दुसरीकडे पाठवले असतील तर पाठवणीची यादी द्या. २ सप्टेंबरला आदेश झाला, आणि नंतर ३८ पानं आली, पानाला २ रुपये प्रमाणे ७६ रुपयांत. बहुतेक पानं याद्यांची होती. पण त्या याद्यांवरून कोणत्या क्रमांकाच्या धारिका दिल्लीला गेल्या ते कळलं. उत्तर "नाही" असं आलं तरी दमून सोडू नका. "नाही" कशामुळे, ते लेखी मागा.

अर्जाची वाट बघण्याच्या त्या दोन महिन्यांत मला घरातच एक कागद सापडला, आणि खरं सांगायचं तर सगळ्या पत्रव्यवहारात मोलाचा तोच ठरला.

माणमध्ये माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं. त्यांची शके १८८७ आणि १८८८ची, म्हणजे १९६५ ते १९६७ची, खतावणी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होती. मोडीत लिहिलेली, लाल कापडी बांधणीची, कडा वाळवीने खाल्लेल्या. दशमान नाणी येऊन नऊ वर्षं झाली तरी आजोबा मधूनच आण्यांत हिशेब करत. मी तूरडाळ आणि गोडेतेल या दोन मालांचे विक्रीचे भाव महिन्यामागून महिना उतरवून काढले. तिथी इंग्रजी तारखांना जुळवायला जुनं पंचांग लागलं, कारण शके १८८८मध्ये श्रावण अधिक होता आणि ते ध्यानात घेतलं नाही तर पुढचे सगळे महिने सरकतात. ६ जून म्हणजे ज्येष्ठ वद्यातले सुरुवातीचे दिवस. वटपौर्णिमा नुकतीच झालेली.

भाव चढला होता, पण तो आदल्या पौषात. खरीप गेला हे कळल्याबरोबर डाळ चढली, माघात तेल चढलं. ज्येष्ठ शुद्ध आणि ज्येष्ठ वद्य या दोन पंधरवड्यांत मला काहीच फरक दिसेना. मी पुन्हा उतरवलं. पुन्हा तेच. माझ्याच आजोबांच्या अक्षरात माझं वाक्य चुकीचं ठरत होतं.

दोन दिवस मी त्यांना कळवलं नाही. एक मन म्हणत होतं, एका दुकानाची वही, तिचा कशाला बाऊ करायचा. पण हीच वही माझ्या बाजूची निघाली असती तर मी पहिल्या पानावर छापली असती. १९ ऑगस्टला रकाने, तिथ्या, तारखा आणि वहीच्या चार पानांचे फोटो काढून पाठवले. सोबत लिहिलं: हे माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातं, तरी पाठवते आहे.

त्यांचं उत्तर मी जपून ठेवलंय. जिंकल्याचा सूर कुठेच नव्हता. त्यांनी आधी विचारलं, वहीत ज्वारी का नाही? आणि स्वतःच उत्तर शोधलं होतं: राज्यात १९६४-६५पासून ज्वारीची एकाधिकार खरेदी, म्हणजे फक्त सरकारनेच विकत घ्यायची पद्धत, सुरू झाली होती, तेव्हा दुकानदाराच्या उघड वहीत ज्वारी नसणंच साहजिक. "जो माल वहीत नाही, त्याचा भाव कोणत्या वहीत होता, हे तुमच्या म्हाताऱ्यांना विचारा. ते मला कुठल्याही निर्देशांकात मिळणार नाही." मी पुन्हा माणला गेले. तीन जणांनी ज्वारी रात्री कशी, कुठून आणि कोणत्या भावाने मिळे ते सांगितलं. आठवणीतले भाव मी पुरावा म्हणून वापरले नाहीत, पण रात्रीच्या त्या व्यवहारावर माझा आता एक वेगळा निबंध होतो आहे.

मग सप्टेंबरात पत्रं थांबली. दोन पत्रांना उत्तर नाही. ऑक्टोबर सरला तरी नाही. ऐंशीच्या घरातला माणूस, फोन लागत नाही, घरच्या कोणाचा क्रमांक माझ्याकडे नाही. सकाळी पोस्टमन फाटकावरून पुढे गेला की पोटात खड्डा पडे. ९ नोव्हेंबरला त्यांच्या सुनेच्या हाताने लिहिलेलं कार्ड आलं: दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी वाचन बंद केलंय, सर म्हणतात बाईंना सांग की प्रश्न लक्षात आहे. वयस्क माणसाशी असा व्यवहार सुरू करत असाल तर पहिल्याच महिन्यात घरातल्या आणखी एका माणसाचा संपर्क मागून ठेवा. मला ते सुचलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी दिल्लीला गेले. तिथल्या एका संग्रहात चार दिवस काम केलं, ११ ते १४ नोव्हेंबर. १५ला गुरुनानक जयंतीची सुट्टी आहे हे तिकीट काढल्यावर कळलं. जाण्याआधी सुट्ट्यांची यादी बघा, साधी गोष्ट आहे पण एक दिवस वाया जातो. वाचक म्हणून नोंदणीला ओळखपत्र, फोटो आणि संस्थेचं पत्र लागलं. मी मागितलेल्या अकरा धारिकांपैकी सहांच्या चिठ्ठ्या "वर्ग झालेली नाही" असा शेरा घेऊन परत आल्या, आणि त्यांतल्या दोन तर माझ्याकडच्या पाठवणीच्या यादीत स्पष्ट होत्या. मी यादी दाखवली. काउंटरवरच्या बाईंनी मनापासून शोधलं, सापडल्या नाहीत. त्या दिवशी बाहेर येऊन पायरीवर बसले तेव्हा रडू आवरलं नाही. इतक्या लांब यायचं, रजा टाकायची, आणि कागद दोन इमारतींच्या मध्ये कुठेतरी हरवलेला असायचा.

उरलेल्या पाच धारिकांत मदतीबद्दलचा पत्रव्यवहार होता. सरकारने अवमूल्यन करताना ज्या भरवशावर उडी घेतली, तो १९६६-६७साठी मित्रदेशांच्या गटाकडून ९० कोटी डॉलरच्या मदतीचा होता. पहिल्या वर्षी आधार मिळाला, पुढे तो त्या प्रमाणात राहिला नाही. आयात मोकळी करायची म्हटलं तर डॉलर हवेत, आणि डॉलर आटले तर परवाने परत येणार. तसंच झालं. १९६६-६७मध्ये डॉलरमधली निर्यातही वाढायच्या ऐवजी घटली.

डिसेंबरच्या शेवटी सरांचं अक्षर परत आलं, आधीपेक्षा मोठं, ओळी थोड्या तिरक्या. २०२५च्या जानेवारी ते एप्रिलमधली नऊ पत्रं मला सगळ्यांत सकस वाटतात. तोवर कोणाचं खरं हा प्रश्न मागे पडला होता. अवमूल्यन फसलं हे दोघांनाही मान्य होतं. का फसलं, यातले दुष्काळ आणि अर्धवट अंमलबजावणी हे दोन भाग मी मान्य केले. त्यांनी तिसरा भाग मान्य केला: हा निर्णय लोकांना समजावून सांगितलाच गेला नाही, तो बाहेरच्यांच्या दडपणाखाली झाला असं चित्र उभं राहिलं, आणि त्याची किंमत पुढची पंचवीस वर्षं मोजावी लागली. १९६७मध्ये काँग्रेस लोकसभेत घसरून २८३ जागांवर आली. तिसरी पंचवार्षिक योजना १९६६ला संपली आणि चौथी १९६९ला सुरू झाली, मधली तीन वर्षं वार्षिक योजनांवर निघाली. त्यातच १९६७ला आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. आणि त्यानंतर अवमूल्यन हा शब्द उघडपणे उच्चारायला कोणतंच सरकार धजेना, ते थेट १९९१च्या जुलैपर्यंत. तेव्हाही १ आणि ३ जुलै असं दोन टप्प्यांत.

त्यांनी एका पत्रात लिहिलं, "आम्ही भावाचा परिणाम निर्यातीत शोधतो. भीतीचा परिणाम कशात शोधायचा, हे मला शिकवलं नव्हतं." मी उलट लिहिलं की "झालं नसतं तर" हा प्रश्न मी आता वर्गात विचारते. पुण्याच्या चर्चासत्रात दिलेलं ते उत्तर मी त्या पत्रात लेखी मागे घेतलं.

एका गोष्टीवर आमचं जमलं नाही, अजूनही नाही. निवडणूक संपेपर्यंत थांबता आलं असतं का? ते म्हणतात तिजोरीत परकी चलन नव्हतं, थांबणं म्हणजे आयात बंद. मी म्हणते की कामराजांना विश्वासात घ्यायला डॉलर लागत नव्हते. दोन्ही बाजू छापील मजकुरात तशाच ठेवल्या आहेत.

मे आणि जून संपादनात गेले. एका मासिकाने लेखमाला घ्यायची तयारी दाखवली होती. तेव्हा एक गोष्ट शिकले: पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. त्यामुळे त्यांची पत्रं छापायला त्यांची लेखी संमती घेतली, माझी त्यांना दिली. खाजगी मजकूर, आजारपण, तिसऱ्या माणसांची नावं दोघांनी वेगवेगळ्या रंगांनी खोडली. चुका मात्र दुरुस्त केल्या नाहीत. ५७.५ टक्क्यांचं माझं वाक्य जसंच्या तसं राहील आणि त्याखाली त्यांचा पेन्सिलीचा हिशेब, हा माझा आग्रह होता. पत्रं पाठवण्याआधी प्रत्येकाची छायाप्रत काढून ठेवली होती म्हणून हे जमलं. मूळ पत्र तर समोरच्याकडे जातं, आणि चौदा महिन्यांपूर्वी आपण काय म्हटलं ते आठवत नाही.

खर्च विचारतात म्हणून सांगते. टपाल साधारण ११०० रुपये, कारण साधं पाकीट ५ रुपयांचं असलं तरी रकान्यांचे कागद जड होतात आणि महत्त्वाचं पत्र मी स्पीड पोस्टने टाकत असे. छायाप्रती ६४० रुपये, माहिती अधिकाराचे ८६, पुण्याच्या फेऱ्या १८००, दिल्ली ९४००. महाविद्यालयाकडून प्रवासखर्च मागितला होता, मंजूर झाला नाही.

हरवलेल्या त्या दोन धारिकांसाठी मी नवा अर्ज टाकलाय, या वेळी पाठवणीच्या यादीची प्रत जोडून. आजोबांची वही सांगलीच्या एका कागद-संवर्धकाकडे आहे, वाळवीची पानं सुटी करून घेतो आहे. ती परत आली की सरांना आश्विनची पानं हवी आहेत. १९६६चा दुसरा खरीपही गेला, हे दुकानात कोणत्या तिथीला कळलं ते त्यांना बघायचंय.